घरातल्या माणसांचा चित्रकार
महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे जीवन

आपल्या मासिकांतून आपण वेळोवेळी थोर पुरुषांची व स्त्रियांची चरित्रे वाचतो. कोणी दूर देशी जाऊन सेवा केली, कोणी शास्त्राचे भाषांतर केले, कोणी अनाथांसाठी घर उघडले. अशी चरित्रे आपल्याला हवीच आहेत. परंतु या वेळी आम्ही वाचकांपुढे ज्यांचे जीवन ठेवीत आहो, ते उपदेशक नव्हते, समाजसुधारक नव्हते, आणि आपल्या मंडळीचेही नव्हते. ते चित्रकार होते. त्यांचे नाव रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी व शिक्षक या नात्याने त्यांनी एकेचाळीस वर्षे घालविली आणि हजारो चित्रे काढली. राजेरजवाड्यांची चित्रे त्यांनी काढली, पुराणकथांची काढली, शिवछत्रपतींच्या चरित्रातील प्रसंगांची काढली. पण आमच्या मनाला सर्वांत अधिक भिडतात ती त्यांची साधी रेखाटने. घरातली बाई, तिचे काम, तिचे मूल, तिचा सण, तिचा दारातला क्षणभराचा विसावा, हे त्यांनी जितक्या मायेने पाहिले, तितक्या मायेने त्या काळी फार थोड्यांनी पाहिले.

हा विषय आम्ही का निवडला, ते आधी सांगतो. आम्ही मांद्र्याचे. पेडणे तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. आमचा तालुका १७८८ साली पोर्तुगीज राज्यात गेला आणि नव्या काबिजादीत मोडू लागला. पण आमचे बोलणेचालणे, सोयरीक आणि बाजार सावंतवाडी-वेंगुर्ल्याशी जोडलेलाच राहिला. पोटासाठी माणूस निघाला की तो मुंबईचा रस्ता धरी. पुरुष आगबोटीने मुंबईला जात, आणि घर बायकांच्या हाती राही. पहाटे विहिरीचे पाणी, मग पेजेचे आधण, आदोळीवर नारळ, रगड्यावर वाटण, दुपारी खळ्यात वाळत घातलेले भात राखणे, संध्याकाळी दिवा, आणि मुंबईच्या पत्राची वाट. आमच्या पणज्यांनी असे आयुष्य काढले. त्यांची जमीन कोणत्या कागदात आहे ते आज शोधता येईल. पण त्या कशा बसत, मूल कसे कडेवर घेत, दमल्या म्हणजे खांबाला कशा टेकत, याचा कागद कोणाकडे नाही. छायाचित्र काढून घ्यावे अशी ऐपत नव्हती, आणि बाईचे काम चित्र काढण्याजोगे आहे असे कोणाला वाटतही नव्हते. म्हणून त्याच काळात मुंबईत बसून कोणी एक माणूस घरातल्या बायकांची चित्रे काढीत होता, हे कळले तेव्हा त्याचे चरित्र जाणून घ्यावेसे आम्हांला वाटले.

बालपण आणि शिक्षण

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे घराणे पाठारे प्रभू ज्ञातीचे. ही मुंबईची फार जुनी ज्ञाती. तिच्या घरांतले लग्नसोहळे, दागिने, नेसण्याची पद्धत व पक्वान्ने ही सर्व आपल्या परीने वेगळी. पुढे धुरंधरांनी आपल्या चित्रांत हा घरगुती थाट पुन्हा पुन्हा रंगविला, कारण तो त्यांनी बाहेरून पाहिलेला नव्हता. त्यातच ते वाढले होते. शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये झाले. कोल्हापूरला चित्रकलेचे वातावरण होतेच. आबालाल रहिमान यांच्यासारखा मोठ्या हाताचा चित्रकार त्याच गावचा, आणि तोही जे. जे. शाळेतच शिकून आलेला.

१८९० च्या जानेवारीत धुरंधर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्यांचे वय तेव्हा बावीस होते. ही शाळा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाली होती. आरंभी कारागिरांना चांगले रेखाटन शिकवावे एवढाच तिचा हेतू. पण हळूहळू तेथे चित्रकार घडू लागले. धुरंधरांच्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे मोठे काम याच गृहस्थांनी १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे चालविले. समोर जे आहे ते नीट पाहा, आणि जसे आहे तसे काढा, अशी त्यांच्या शाळेची शिस्त होती. आधी ठोकळे, मग मातीचे साचे, मग जिवंत माणूस, अशा पायऱ्यांनी हात तयार केला जाई.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी या शिस्तीचा थोडा विचार करावा असे आम्हांला वाटते. समोरच्या माणसाचे चित्र काढायचे तर त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहावे लागते. हात कोपरात कसा वाकला आहे, मान कोणत्या बाजूला कलली आहे, पदराचा भार कोठे पडला आहे, हे सर्व ध्यानात घ्यावे लागते. एरवी आपण घरातल्या माणसाकडे असे कितीदा पाहतो? आई चुलीपाशी आहे एवढेच आपल्याला ठाऊक असते. धुरंधरांना शाळेने जे शिकविले, ते त्यांनी घरी नेले. शाळेत ठरावीक आसनात बसविलेला माणूस असे, तर घरी आपल्या कामात बुडालेली माणसे होती. त्यांनी पेन्सिल व वही घेतली आणि तीच काढू लागले.

पहिले यश

बाँबे आर्ट सोसायटी ही संस्था १८८८ साली स्थापन झाली होती. तिच्या प्रदर्शनांत युरोपियन चित्रकारांचा मोठा भरणा असे. त्या प्रदर्शनात १८९५ साली धुरंधरांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. चित्राचा विषय होता घरी येणाऱ्या लक्ष्मीचे स्वागत. तो कोणा राजाचा दरबार नव्हता की लढाईचा देखावा नव्हता. आपल्या इकडच्या घरांतून सणावाराच्या दिवशी बायका जे करतात, तेच अठ्ठावीस वर्षांच्या या तरुणाने परीक्षकांपुढे ठेवले, आणि परीक्षकांनी ते पहिल्या मानाचे ठरविले. घरातला विषय हा हलका विषय नव्हे, हे त्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांपुढे आले.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९६ साली, धुरंधरांना जे. जे. शाळेत शिक्षकाची जागा मिळाली. शाळेत येऊन अवघी सहा वर्षे झाली होती. नाव झाले होते, नोकरी लागली होती. घरी पत्नी बापूबाई होत्या. संसार नुकताच मांडला होता. एखाद्या तरुणाला याहून अधिक काय हवे असते?

मरीचे वर्ष

त्याच १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगचे रोगी आढळू लागले. थोड्याच महिन्यांत सारे शहर भयाने व्यापले. लोक हजारोंनी, लाखांनी शहर सोडून निघाले. सरकारी माणसे घरोघर तपासणी करू लागली, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना निराळ्या छावणीत नेऊ लागली. घरांना चुना फासला जाई, अंथरुणे जाळली जात. डॉक्टर हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईतच प्रतिबंधक लस तयार केली व ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण ती सर्वांपर्यंत पोहोचण्याआधी असंख्य घरे रिकामी झाली होती. १८९७ साली धुरंधरांच्या पत्नी बापूबाई याच रोगाने गेल्या. धुरंधर त्या वर्षी तीस वर्षांचे झाले होते.

अशा प्रसंगी माणसाच्या मनात काय चालते, हे ज्याचे त्याला ठाऊक. आम्ही फक्त एवढेच ध्यानात आणून देतो. ज्याचे काम विद्यार्थ्यांना रोज माणसाचा चेहरा व देह काढायला शिकविणे, त्याला दुःखाच्या दुसऱ्या दिवसापासूनही माणसाच्या चेहऱ्याकडेच पाहावे लागते. आणि ज्याचा जीव घरातल्या चित्रांत रमला होता, त्याचे घरच मोडले होते. कोणी अशा वेळी तो विषयच सोडून दिला असता. देवादिकांची चित्रे काढली असती, डोंगर व नद्या काढल्या असत्या, म्हणजे त्या जागेकडे पुन्हा पाहावे लागले नसते. धुरंधरांनी तसे केले नाही. पुढे त्यांनी पुन्हा लग्न केले. गंगूबाई या त्यांच्या द्वितीय पत्नी. आणि घर, बायका, मुले यांकडे पाहणारी त्यांची नजर शेवटपर्यंत तशीच कोवळी राहिली. पत्नीच्या रेखाटनांचा एक संग्रह त्यांनी ‘माय वाइफ इन आर्ट’, म्हणजे कलेतली माझी पत्नी, अशा इंग्रजी नावाने एकत्र केला होता. नव्या शतकात तो प्रदर्शनातून लोकांपुढे आला, तेव्हा पाहणाऱ्यांना धुरंधरांची एक निराळीच ओळख झाली. ज्या काळात नवरा चारचौघांत बायकोचे नावही घेत नसे, त्या काळातला माणूस तिच्या उठण्याबसण्याकडे इतक्या आदराने पाहतो, ही गोष्ट थोडी नव्हे.

दुःखातून गेलेल्या माणसांना आपण मंडळीत अनेकदा धीर धरण्याचा उपदेश करतो. तो योग्यच आहे. पण धीर म्हणजे काय, ते या माणसाच्या वह्यांत दिसते. ज्या ठिकाणी घाव बसला, त्याच ठिकाणी प्रेमाने पुन्हा काम करीत राहणे, असा तो धीर आहे.

चित्रे घरोघर

आता त्यांच्या कामाचा व्याप पाहू. त्या सुमारास चित्रे छापण्याच्या तंत्रात मोठा बदल घडत होता. पूर्वी लाकडाच्या ठशावर चित्र कोरून घ्यावे लागे. म्हणजे चित्रकाराची रेघ कोरणाऱ्याच्या हातातून जाई. नंतर छायाचित्राच्या साहाय्याने ठसे बनू लागले आणि चित्रकाराच्या कुंचल्याचा हलका फटकारासुद्धा कागदावर उतरू लागला. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत चित्रे गावोगावच्या भिंतींवर गेली. आमच्या पेडण्याकडच्या कित्येक जुन्या घरांत ओटीवर अशी चित्रे लागलेली आम्ही लहानपणी पाहिली आहेत. धुरंधरांनी या छपाईचा उपयोग आपल्या रीतीने केला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची पोस्टकार्डे निघाली. त्यांवर मुंबईच्या रस्त्यातली आणि घरांतली माणसे असत. पुस्तकांसाठीही त्यांनी विपुल चित्रे काढली. एडवर्डिस यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तकात (१९१२) त्यांची चित्रे आहेत. ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी (१९२०) त्यांनी चाळीसहून अधिक रंगीत चित्रे केली. निरनिराळ्या प्रांतांतल्या, जातींतल्या व व्यवसायांतल्या बायका त्यांत आहेत.

त्यांतले एक काम मुलांना शिकविणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याकडच्या बायका श्रावणात ज्या व्रतांच्या कहाण्या वाचतात, त्या इंग्रजीत सांगितल्या. ते पुस्तक १९१४ साली निघाले आणि त्याची चित्रे धुरंधरांची होती. ज्या गोष्टी घरातली आजी नातवंडांना जवळ घेऊन सांगे, त्या परक्या भाषेत गेल्या. पण चित्रांतले घर आपलेच राहिले.

येथे आपल्या स्वतःच्या मासिकांचीही आठवण होते. अमेरिकन मराठी मिशनने १८७० च्या दशकात ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक काढले. मराठी मुलांच्या हाती चित्रे असलेला कागद देण्याचे मोठे काम त्याने केले. परंतु त्या काळच्या मिशनच्या पुस्तकांत बरीचशी चित्रे परदेशातून आलेल्या ठशांची असत. मुलगा टोपी घातलेला, घराला धुराडे, टेबलाभोवती कुटुंब बसलेले. गोष्ट मराठी, आणि घर मात्र विलायती. चित्रातली आई आपल्या आईसारखी दिसली पाहिजे, ही गरज धुरंधरांसारख्यांनी भागविली. आणि शब्दांत तेच काम आपल्या लक्ष्मीबाई टिळकांनी केले. त्या १८६८ साली जन्मल्या, म्हणजे धुरंधरांहून एका वर्षाने लहान. त्यांच्या आत्मकथेचे नावही ‘स्मृतिचित्रे’ असे आहे. सोवळेओवळे, सासरचा जाच, नवऱ्याचा विसराळूपणा, घरातले हसणे व रडणे, हे सारे त्यांनी जसे होते तसे लिहून ठेवले. एकाच पिढीतल्या दोघांनी, एकाने रेघेने व एकीने शब्दाने, घर जपून ठेवले.

इतर देशांतले साथी

घरगुती जीवनाची कोवळी चित्रे काढण्याची ओढ एकोणिसाव्या शतकात इतर देशांतही दिसते. जर्मनीत ड्रेस्डेन शहरी लुडविग रिख्टर (१८०३–१८८४) यांनी लाकडी ठशांसाठी असंख्य रेखाटने केली. घरातली मुले, आजीआजोबा, सणाचा दिवस हेच त्यांचे विषय. आणि त्यांची पुस्तके घरोघर गेली. स्वित्झर्लंडमधले आल्बर्ट आंकर (१८३१–१९१०) यांची हकिकत तर आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. ते पाळक होण्यासाठी ईश्वरविज्ञान शिकत होते. अभ्यास अर्ध्यावर असता आपला खरा ओढा चित्रकलेकडे आहे हे त्यांनी ओळखले आणि वडिलांची संमती मिळवून ते पॅरिसला चित्रकला शिकायला गेले. पुढे आपल्या इन्स या खेड्यात राहून शाळेतली मुले, विणकाम करणाऱ्या मुली, मांडीवर बाळ घेतलेले आजोबा यांची चित्रे त्यांनी काढली. त्यांनाही आपली दोन मुले लहानपणीच गमवावी लागली. एका मुलाचे मृत्युशय्येवरचे चित्र त्यांनी स्वतःच्या हाताने काढले.

आमच्या गोव्याचाही या कामात वाटा आहे. आंतोनियो शाविएर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे गोमंतकीय ख्रिस्ती चित्रकार जे. जे. शाळेतच शिकले व तेथेच शिक्षक झाले. धुरंधरांचे ते सहकारी. त्यांनी आपल्या घरच्या माणसांची चित्रे फार जिव्हाळ्याने रंगविली. त्यांची कन्या अँजेला याही चित्रकार झाल्या आणि त्यांनी शास्त्रातले प्रसंग भारतीय वळणाने रंगविले. आमच्या शेजारच्या सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) हे जे. जे. शाळेतले धुरंधरांचे विद्यार्थी. हातात समई घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि आजही लोक त्यापुढे थबकतात. घरातली एक बाई आणि एक दिवा, एवढाच त्याचा विषय.

शिक्षक आणि पिता

धुरंधर शाळेत एकेक पायरी चढत गेले. त्यांच्या डोळ्यांदेखत ग्रिफिथ्स गेले, नंतर सेसिल बर्न्स आले, मग ग्लॅडस्टन सॉलोमन आले. प्रत्येक प्रमुखाची रीत वेगळी. बंगालकडे नवे वारे वाहू लागले. समोरचे हुबेहूब काढणे ही परक्यांची रीत आहे, आपण आपल्या जुन्या चित्रांकडे वळले पाहिजे, असे तिकडचे म्हणणे. त्या वादात धुरंधरांसारख्यांवर टीकाही झाली. त्यांची चित्रे इंग्रजी वळणाची आहेत, त्यांत नवे धाडस नाही, असे पुढच्या पिढीच्या चित्रकारांनाही वाटले. या टीकेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पद्धत कोठूनही आली असो, ती त्यांनी कोणासाठी वापरली हेही पाहिले पाहिजे. परक्या पद्धतीने त्यांनी आपल्या माजघराचे चित्र काढले.

दिल्लीत नवी राजधानी उभी राहिली, तेव्हा तेथील सचिवालयातल्या भिंतींवर चित्रे काढण्याचे काम मुंबईच्या कलाशाळेकडे आले. त्यात धुरंधरांनी हिंदू व मुसलमान न्यायपद्धतीचे प्रसंग रंगविले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यासाठीही त्यांनी मोठी चित्रे केली. औंधच्या संग्रहालयात ती आहेत. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १९३० साली कलाशाळेच्या प्रमुखपदाची सूत्रे काही काळ त्यांच्या हाती आली. ज्या शाळेत आजवर सर्व प्रमुख इंग्रज होते, तेथे हा मान लहान नव्हता. १९३१ च्या आरंभी ते निवृत्त झाले. आपल्या या सर्व काळाची हकिकत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने लिहिली आणि ती १९४० साली प्रसिद्ध झाली. त्या काळच्या मराठी चित्रकारांविषयी आज जे काही ठाऊक आहे, त्यातले पुष्कळ याच पुस्तकामुळे टिकले.

घरातल्या बायकांची चित्रे काढणाऱ्या या माणसाने आपल्या घरातल्या मुलीला काय दिले, हा प्रश्न विचारणे रास्त आहे. कारण चित्रात बाईचा मान राखणे सोपे असते. प्रत्यक्षात तिच्या हाती काही देणे कठीण. त्यांची कन्या अंबिका १९१२ साली जन्मल्या. मुलींनी कलाशाळेत जाण्याची चाल तेव्हा फार थोडी होती. धुरंधरांनी मुलीच्या हाती पेन्सिल दिली, तिला स्वतः शिकविले, जे. जे. शाळेत पाठविले, आणि त्या चित्रकार झाल्या. वडिलांनी काढलेल्या चित्रांतल्या बायका पाणी भरीत होत्या, मुलांना न्हाऊ घालीत होत्या, सणाची तयारी करीत होत्या. त्यांच्याच घरातली मुलगी कुंचला घेऊन उभी राहिली. आम्हांला हे धुरंधरांच्या कोणत्याही पदकाहून मोठे वाटते.

१ जून १९४४ रोजी धुरंधरांनी मुंबईत देह ठेवला. त्यांची चित्रे, रेखाटने व वह्या अंबिकाबाईंनी पुढे कित्येक दशके सांभाळल्या. मुंबईच्या दमट हवेत कागद टिकवणे म्हणजे काय, हे आम्हां कोकणच्या माणसांना सांगावे लागत नाही. पावसाळ्यात एक आठवडा दुर्लक्ष झाले की बुरशी धरते, कसर लागते. त्यांनी ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने आपल्या आठवणीही लिहिल्या. २००९ साली त्या निवर्तल्या. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे उलटून गेली होती. वडिलांनी घर कागदावर राखले, आणि लेकीने तो कागद राखला.

आपण यातून काय घ्यावे

आपल्या प्रभूने दाखले सांगताना किती घरगुती गोष्टी घेतल्या, ते आठवा. पिठात खमीर कालवणारी बाई, दिवा लावून व घर झाडून हरवलेले नाणे शोधणारी बाई, मध्यरात्री दार ठोठावले असता मुलांना घेऊन निजलेला बाप, बाजारात खेळणारी पोरे. नासरेथच्या घरात ज्याने तीस वर्षांपर्यंतचे आयुष्य काढले, त्यालाच अशा गोष्टी सुचाव्यात. प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस व आई युनीके यांचा विश्वास नावानिशी सांगितला. त्या दोघींनी काय काय केले याची यादी शास्त्रात नाही. पण त्यांच्या घरातच तीमथ्य घडला. असे असूनही आपण उपासनेत आणि सभांत घरातल्या कष्टांचा उल्लेख क्वचितच करतो. बायकांच्या सभेच्या वार्षिक दिवशी एखादे भाषण होते, आणि वर्षभर तो विषय मिटतो.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आम्ही एक सोपी गोष्ट सुचवितो. एका रविवारी मुलांना कागद व पेन्सिल द्या आणि सांगा की पुढच्या आठवड्यात घरातल्या एका माणसाचे, ते काम करीत असता, चित्र काढून आणा. आई भाजी चिरताना, बाबा होडीचे जाळे विणताना, आजी तांदूळ निवडताना, ताई धाकट्याला भरवताना. चित्र चांगले येवो न येवो. अट एकच, की काढण्यापूर्वी त्या माणसाकडे दहा मिनिटे नीट पाहायचे आणि मध्ये बोलायचे नाही. मग वर्गात प्रत्येकाने उभे राहून सांगायचे की मी काय पाहिले, जे मला आधी दिसले नव्हते. आईच्या बोटाला भाजल्याची खूण आहे, आजी एका डोळ्याने तांदूळ जवळ आणून पाहते, बाबांच्या खांद्याला दुखते म्हणून ते मध्येच थांबतात, असे काही मुले सांगतील. त्या दिवशी वेगळा धडा शिकवण्याची गरज राहणार नाही. आज्ञांपैकी आईबापांचा मान राखण्याची आज्ञा मुले पाठ म्हणतातच. मान राखण्यासाठी आधी माणूस दिसावा लागतो.

आणि मोठ्यांसाठी एक सूचना. आपल्या घरात जुनी छायाचित्रे, पत्रे, हिशेबाच्या वह्या, आजीच्या हातची विणलेली एखादी वस्तू असेल, तर ती पत्र्याच्या पेटीत कोंबून ठेवू नका. बाहेर काढा, कोरडी करा, मागे नावे लिहा. कोण, कोणाची मुलगी, कोणत्या गावची, कोणत्या साली. नाव लिहिणारा माणूस गेला की चित्रातली बाई अनोळखी होते. मुंबईला एका लेकीने आपल्या बापाचे कागद अनेक पावसाळे सांभाळले, म्हणून आज आपण ते पाहू शकतो. आपल्या मंडळीतल्या कुटुंबांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या पेट्या उघडाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.